पडलेले जांभूळ

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घराच्या परसात जांभळाचे एक झाड साठ वर्षे उभे होते. २०२२ च्या मे महिन्यात वळवाच्या एका रात्री ते पडले. पडतानाचा आवाज घरात कोणीच ऐकला नाही. विजा कडाडत होत्या, शेजारचे पत्रे वाजत होते. त्या गोंधळात एक झाड पडल्याचे कळणार कसे? पहाटे सामायिकासाठी उठलेल्या अव्वांनी मागचे दार उघडले, तेव्हा नेहमीचा काळोख दारासमोर नव्हता. जिथे झाडाचा घेर असायचा तिथे आभाळ दिसत होते.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या अव्वा रडल्या नाहीत. उजाडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घरट्यांचा. थोरले चिरंजीव, ज्यांना घरात आणि मार्केट यार्डातही सगळे तात्या म्हणतात, आडव्या फांद्यांत शिरून पाहून आले. एक घरटे होते, पण रिकामे. "मग ठीक आहे," एवढेच म्हणून अव्वा जपाला बसल्या.

झाड आप्पांनी लावलेले. हळदीची अडत सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ते रोप परसात लावले, आणि अडत वाढली तसे झाडही वाढले, असे ते स्वतः सांगत. दरवर्षी मृगाच्या आगेमागे फळ धरे. त्या दिवसांत अव्वा झाडाखाली एक जुने लुगडे अंथरीत. लुगड्यावर पडेल ते घराचे, झाडावर राहील ते पाखरांचे, हा त्यांचा नियम. काठीने झोडपायचे नाही, वर चढायचे नाही. पडलेली जांभळे धुवायची, एकेक फोडून आत कीड नाही ना हे पाहायचे आणि सूर्यास्ताच्या आत खायची. शेजारची मुले दगड मारून जांभळे पाडीत तेव्हा या घरातील मुले लुगड्याच्या कडेला बसून वर पाहत राहत. वाऱ्याची झुळूक येण्याची वाट पाहणे हा त्यांचा जूनमधला मुख्य उद्योग असे.

नियमामागची कथा आपल्या बहुतेक घरांत माहीत आहे. सहा वाटसरू भुकेलेले, समोर फळांनी लगडलेला जंबूवृक्ष. पहिला म्हणतो, मुळापासून उपटू. दुसऱ्याला बुंधा तोडायचा आहे, तिसऱ्याला लहान फांद्या, चौथ्याला घोस, पाचव्याला नुसती पिकली फळे. सहावा म्हणतो, खाली पडली आहेत ती आपल्याला पुरेत. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतच्या सहा पायऱ्या या एका झाडावर दाखवल्या जातात, आणि पाठशाळेच्या भिंतीवर तिचे चित्र असतेच. अव्वांनी ती कथा चित्रातून उचलून परसात आणली होती, इतकेच. मुले मोठी झाली, अडतीत बसली, कोणाचे तोंड जांभळे होण्याचे वय राहिले नाही. लुगडे मात्र दर जूनमध्ये अंथरले जाई.

आप्पा गेल्यावर, २०१६ मध्ये, दोघा भावांची वाटणी झाली. सांगलीचे घर आणि अडत तात्यांकडे आली. साताऱ्यातील मोती चौकाजवळचे भांड्यांचे दुकान, जे धाकटे अण्णा आधीपासूनच सांभाळीत होते, ते आणि त्यामागची जागा अण्णांकडे गेली. कागद व्यवस्थित झाले. पण गावभागातील घराची किंमत कमी धरली गेली असे अण्णांना वाटले आणि साताऱ्याच्या दुकानातील माल कमी दाखवला गेला असे तात्यांना वाटले. भांडण झाले नाही. व्यापारी घरांत सहसा होत नाही. बोलणे तेवढे मोजून होऊ लागते. सणावाराला फोन, लग्नकार्यात शेजारी बसून जेवण, आणि मधल्या काळात काही नाही. अशी सहा वर्षे गेली. वाटणीपत्रात झाडाचा उल्लेख नव्हता. मात्र आप्पा आजारी असताना एकदा म्हणाले होते की जांभूळ दोघांचे, आणि ते दोघांनीही ऐकले होते.

झाड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जळाऊ लाकडाचा व्यापारी येऊन पाहून गेला. त्याने भाव सांगितला. तात्यांनी मनात हिशेब केला: तोडणी त्याची, वाहतूक त्याची, परस मोकळे होणार आणि वर चार पैसे हातात. सौदा वाईट नव्हता. अव्वांनी दारातून ऐकले आणि म्हणाल्या, "आधी अण्णाला फोन कर. त्याचेही आहे ते."

अण्णा त्याच दुपारी निघाले. कराड आणि पेठ नाका करीत संध्याकाळी सांगलीत पोहोचले; बरोबर त्यांची मुलगी होती, जी पुण्यात वास्तुरचनेचे शिक्षण घेत होती. दोघे भाऊ आडव्या बुंध्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बुंध्याचा घेर सव्वासहा फूट भरला, आणि पहिल्या फांदीपर्यंत सरळ लाकूड नऊ फूट. अण्णा म्हणाले, "तात्या, हे जाळायला द्यायचे?" प्रश्नात तक्रार होती, विनंतीही होती. तात्यांनी व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून कळवले.

मुलीच्या आग्रहावरून मिरजेहून एक सुतार बोलावले. वयाने साठीच्या पुढचे, घरात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणू लागले. त्यांनी लाकडाआधी मुळे पाहिली. उपटलेल्या मुळांच्या चकतीभोवती एक फेरी घातली, उकिडवे बसून माती झाडली आणि फक्त तात्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तात्या, या अंगाची मुळं पडताना तुटल्याली न्हाईत. ही तोडल्याली हायत."

तात्या काही बोलले नाहीत, कारण ती कोणी आणि कधी तोडली हे त्यांना माहीत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. म्हणजे गावभागाचे काय झाले असेल ते सांगलीकरांना सांगावे लागत नाही. पाणी ओसरले तेव्हा परसाची जुनी दगडमातीची भिंत आडवी झाली होती. नवी भिंत २०२० च्या फेब्रुवारीत बांधायला घेतली. नव्या हळदीचे सौदे जोरात होते. तात्या यार्डात असताना ठेकेदाराचा फोन आला की पायाच्या चरात झाडाची मुळे येत आहेत, काय करायचे? "मध्ये येतात ती काढा," तात्या म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे वळले. फोन अर्ध्या मिनिटाचाही नसेल. भिंत सरळ आणि देखणी झाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, माती आठवडाभर पाण्याखाली राहिली, आणि एका बाजूचा आधार गेलेले झाड पुढच्या वळवापर्यंत कसेबसे टिकले.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी आधी प्रमादाचे नाव घेतले आहे. जीव जाणे नंतर येते. गंमत अशी की शासनाचा कायदाही फार वेगळे बोलत नाही. नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ चा जो अधिनियम आहे, त्यात झाड तोडणे याचा अर्थ नुसते कुऱ्हाडीने पाडणे एवढाच नाही, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात धरले आहे. तात्यांनी तो कायदा त्या आठवड्यात वाचला, कारण पडलेल्या झाडाची खबर महापालिकेच्या उद्यान विभागाला द्यायची होती. पंचनाम्यात कारण लिहिले गेले: वादळी वारा. तात्यांनी सही केली.

कागदांची गोष्ट निघालीच आहे तर एवढे सांगायला हवे. परसात पडलेले झाड आपलेच, मग कोणाला विचारायचे कशाला, असे पुष्कळांना वाटते. तसे करू नये. आधी पालिकेला कळवावे, फोटो काढून ठेवावेत, पंचनाम्याची प्रत घ्यावी. जांभूळ हे वृक्षतोडीच्या १९६४ च्या अधिनियमातील अनुसूचीत नाव असलेले झाड आहे. साग, आंबा, फणस, चिंच हीही त्याच यादीत आहेत. म्हणून फळ्या दुसऱ्या जिल्ह्यात न्यायच्या असतील तर वनखात्याकडे वाहतुकीच्या परवान्याची चौकशी करूनच हलवा, असे वखारवाल्याने बजावले. तात्यांनी तसेच केले. हळदीच्या पोत्याला जसा कागद, तसाच फळीला.

लाकूड करवतगिरणीत जाण्याआधी मिस्त्रींनी त्याची साल सोलून घेतली. सालीखाली ओल राहते आणि किडे अंडी घालतात. किडा शिरल्यावर औषध मारण्यापेक्षा त्याला घर मिळू न देणे बरे. अव्वांना हे फार पटले. बुंध्याच्या चौदा फळ्या निघाल्या. आतले लाकूड तांबूस करडे होते. बाहेरचे फिके, कच्चे लाकूड भुंगा आधी धरतो, म्हणून ते कामातून वगळायचे ठरले.

जांभळाविषयी मिस्त्रींचे मत सुरुवातीपासून स्पष्ट होते: हे लाकूड हट्टी. पाण्यात टिकते, म्हणून विहिरीच्या तळाला कडे बसवायला जुने लोक ते वापरीत. पण त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, एका थरात डावीकडे तर पुढच्यात उजवीकडे. रंधा एका दिशेने मारावा तर पुढच्या वितीवर लाकूड उसवते. आणि वाळताना ते पिळते, तडकते. घाई केली तर सरपणच होईल. सुतारांचा जुना ठोकताळा इंचाला एक वर्ष असा आहे. दोन इंची फळ्यांना दोन वर्षे.

"दोन वर्षे माल अडकवून ठेवायचा?" तात्यांच्या तोंडून निघून गेले. मिस्त्री हसले. मिरजेत राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे नवल नव्हते. तिथल्या सतारी आणि तंबोरे, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तूण लाकडाचे आणि भोपळ्याचे होतात, आणि तिथल्या कारागिरांच्या घरी लाकूड माळ्यावर मुरत पडलेले मिस्त्रींनी लहानपणापासून पाहिले होते.

फळ्या परसातच, पडवीच्या सावलीत रचल्या. जमिनीपासून हातभर उंच, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वारा चारी बाजूंनी फिरेल अशा. टोकांना जाड रंग फासला, कारण लाकडातले पाणी टोकाकडून सर्वांत लवकर निघते आणि चीर तिथूनच सुरू होते. वर दगडांचे वजन ठेवले. मग मिस्त्रींनी एका फळीचा हातभर तुकडा कापून तात्यांच्या हाती दिला. "तुमचा काटा हाय न्हवं? दर महिन्याला ह्याचं वजन करा. वजन उतरायचं थांबलं की मला बोलवा."

हे काम तात्यांच्या हाडात भिनलेले. दर महिन्याच्या एक तारखेला तो तुकडा अडतीच्या काट्यावर चढे आणि आकडा एका वेगळ्या वहीत उतरे. जून २०२२: ५ किलो ४०० ग्रॅम. पहिल्या वजनाच्या दिवशी त्यांनी साताऱ्याला फोन केला. झाड दोघांचे, तेव्हा हिशेब कळवणे भाग होते. "पाच किलो चारशे," ते म्हणाले. "बरं," अण्णा म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन. "पाच दोनशे." "बरं." इतकाच संवाद, पण सहा वर्षांत दर महिन्याला ठरल्या दिवशी फोन जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

सप्टेंबरात दशलक्षण पर्व आले. पर्व संपले की क्षमावणी. अलीकडे क्षमावणीला फुलांच्या चित्रावर छापलेले दोन शब्द व्हॉट्सअॅपवर चारशे जणांना एकदम जातात, आणि ज्याची क्षमा खरोखर मागायची असते त्याचे नावही त्या चारशेंतच असते. दोघे भाऊ सहा वर्षे एकमेकांना तेच चित्र पाठवीत होते. त्या वर्षी तात्या सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले. दुकानात गिऱ्हाईक होते म्हणून मागच्या खोलीत बसले. अण्णा चहा घेऊन आले तेव्हा तात्या उभे राहिले आणि त्यांनी भिंतीची, चराची आणि त्या फोनची गोष्ट सांगितली. पंचनाम्यावरच्या सहीचेही सांगितले. आवाज खाली ठेवला होता, कारण बाहेर माणसे होती. शेवटी म्हणाले, "झाड दोघांचे होते. मी तुला विचारले नाही."

क्षमावणीच्या दिवशी क्षमा मागितली की समोरच्याने ती द्यायचीच असते. अण्णांनी लगेच दिली नाही. ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "अव्वाला सांगितले?"

"नाही."

"सांगू नका. तिला वाटते वाऱ्याने पडले. तसेच राहू दे." आणि थोड्या वेळाने, चहा गार झाल्यावर, "या महिन्याचे वजन किती झाले?"

त्यांनी क्षमा केली की नाही, हे त्या दिवशी कोणाला सांगता आले नसते. जेवून जा, एवढा आग्रह मात्र त्यांनी केला, आणि तात्या जेवले. अव्वांना काही ठाऊक नव्हते, हेही खात्रीने म्हणता येत नाही. भिंतीचे काम चालू असताना त्या परसातच धान्य निवडीत बसत.

दिवाळीपर्यंत तुकडा चार किलो सहाशेवर आला. पुढच्या उन्हाळ्यात चार किलोवर. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र वजन थोडे वाढले. तात्यांना काट्याचा संशय आला. त्यांनी प्रमाणित वजने लावून काटा तपासला. काटा बरोबर होता. मिस्त्री फोनवर म्हणाले, लाकूड हवेतले पाणी पिते आणि सोडते, ते मेलेले असले तरी तेवढे करतेच. २०२४ च्या जानेवारीत आकडा ३ किलो ८५० वर आला, फेब्रुवारीत तोच राहिला, मार्चमध्येही तोच. मिस्त्रींना बोलावणे गेले.

चौदा फळ्यांपैकी तीन पिळून निकामी झाल्या होत्या. दोन रुंद फळ्या, ज्या बुंध्यात शेजारी होत्या, उघडून समोरासमोर ठेवल्या तेव्हा त्यांच्यावरचे रेषे पोथीच्या जोडपानांसारखे जुळले. त्यांचे मोठे टेबल करायचे ठरले. बाकीच्यांत पेढीवर गादीसमोर ठेवायचे उताराचे मेज, प्रत्येक घराला चार पाट, एक चौरंग, आणि अव्वांसाठी पोथीची ठवणी. ठवणी एकाच फळीतून होते. फळी मधोमध चिरत आणायची, मध्यावर एकमेकांत अडकणाऱ्या बोटांसारख्या खाचा कोरायच्या, आणि मग ती कात्रीसारखी उघडते. बिजागरी नाही, खिळा नाही. हट्टी रेषांच्या जांभळात हे काम जिकिरीचे. पहिली ठवणी उघडताना मोडली. दुसरी साधली.

सामानाच्या यादीवर अव्वांनी बोट ठेवले. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा, तो नको. मिस्त्रींनी सांगितले की आता फेविकॉलच वापरतात, सरस कोणी उकळत बसत नाही. मग पॉलिशचा प्रश्न आला. सुतारकामातले नेहमीचे पॉलिश लाखदाण्याचे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांच्या अंगातून निघणारी राळ, आणि ती खरवडताना किडेही जातात. श्रावकाने टाळायच्या धंद्यांच्या जुन्या यादीत वनकर्माबरोबर लाखेचा व्यापारही येतो, हे अव्वांना पाठ होते. मधमाश्यांचे मेणही बाद. उरले जवसाचे तेल. मिस्त्रींना आधी हे फारसे रुचले नाही, कारण तेलाला चकाकी कमी आणि वेळ जास्त. पातळ हात द्यायचा, पुसायचा, दोन-तीन दिवस थांबायचे, पुन्हा द्यायचा. पाच हात दिले. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, उघड्यावर पसरून वाळवायची. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ज्या घरात जिवाणूला जपून दिवा झाकतात, त्या घरात हे आधी सांगायला हवे.

टेबलाच्या एका फळीला टोकाकडून दीड फूट चीर गेली होती. मिस्त्री तेवढा भाग कापून टाकायला निघाले. अण्णांच्या मुलीने हात धरला. तिने जॉर्ज नाकाशिमा यांच्या कामाची छायाचित्रे दाखवली. जपानी वंशाचे हे अमेरिकन कारागीर १९३० च्या दशकात पुद्दुचेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंड या वास्तूच्या कामावर होते, आणि १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही येऊन गेले. झाडाची चीर, गाठ, वाकडी कड ते कापून टाकीत नसत. चिरेवर डमरूच्या आकाराचा तुकडा आडवा बसवून तिला तिथेच थांबवीत. मिस्त्रींनी छायाचित्र लांब धरून पाहिले. "हे तर आमचा बाप करायचा," ते म्हणाले, "बैलगाडीच्या जोखडाला." चीर राहिली. तिच्यावर त्याच झाडाच्या फांदीचे दोन डमरू बसले. पायांचे सांधे खाच आणि कुसवाचे केले, पाचर मारून घट्ट. लोखंड कुठेही लागले नाही.

मजुरी किती झाली ते तात्यांच्या वहीत आहे. जळाऊ लाकडाच्या व्यापाऱ्याने देऊ केलेली रक्कम तिच्यासमोर किरकोळ होती, आणि तेवढ्या पैशात यंत्रावर बनवलेले तयार फर्निचर दोन्ही घरांना आले असते. हा व्यवहार फायद्याचा झाला असे कोणी म्हणू नये. अर्धी रक्कम अण्णांनी न मागता पाठवली.

टेबल कोणी ठेवायचे, हा प्रश्न उरला. त्याचे दोन भाग करता येत होते. मिस्त्री म्हणाले, दोन बाकही होतील, प्रत्येकाला एक. अण्णांचे म्हणणे पडले की ते अखंड राहू दे आणि सांगलीतच राहू दे, अव्वा इथे आहेत. तात्या म्हणाले, "इथे पाणी येते. सातारा उंचावर आहे. तू घेऊन जा." मिस्त्री बाजूला हत्यारे गुंडाळीत होते. "जांभूळ पाण्याला भीत न्हाई," ते म्हणाले, "तुम्हीच भिता." त्यावर अव्वा इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. टेबल परवान्यानिशी साताऱ्याला गेले. उताराचे मेज अडतीत आले. त्यावर तात्यांची सौद्याची वही असते. ठवणीवर अव्वांची पोथी असते, आणि त्या दुपारी परसाच्या दाराशी बसून वाचतात. दारासमोर आता ऊन येते.

खड्ड्यात राहिलेल्या शाबूत बाजूच्या मुळांना त्या पावसाळ्यात दोन धुमारे फुटले. भिंत तीन फूट मागे घ्यावी लागणार होती. ठेकेदार तोच, या वेळी तात्या दिवसभर तिथे उभे राहिले.

तो हातभर तुकडा अजून अडतीत आहे. त्याचे काम संपले होते, पण २०२४ च्या ऑगस्टच्या एक तारखेला तात्यांनी सवयीने तो काट्यावर ठेवला. वहीत आकडा लिहीत असतानाच फोन वाजला. साताऱ्यात आठ दिवस पाऊस लागला होता. अण्णा सांगत होते की टेबलाच्या चिरेत पूर्वी पोस्टकार्ड जायचे, आता जात नाही. काही बिघडले का?

"बिघडले नाही," तात्या म्हणाले. "तुकडाही पन्नास ग्रॅम वाढला आहे."